साहेबांच्या गाडीतली मागची जागा

“लिहा,” बिडवे साहेब म्हणाले, “‘अत्यंत भावपूर्ण वातावरणात त्यांना निरोप देण्यात आला.’”

“सर, अजून कुठं दिलाय? कार्यक्रम शनिवारी आहे.”

“अंक बुधवारी छापायला जातो ना? मग शनिवारचं आज नको लिहायला? लिहा पुढं. ‘उपस्थितांचे डोळे पाणावले.’”

मी निमूटपणे उपस्थितांचे डोळे पाणावून टाकले. आमच्या विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात ही जुनीच रीत होती. ‘विद्यापीठ वार्ता’ नावाचं चार पानी पत्रक निघायचं. कुणाची नेमणूक झाली, कुणाला बढती मिळाली, कुणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, कोण निवृत्त झालं, सगळं त्यात. निधनवार्ता तेवढ्या घडल्यावर लिहायचो, बाकी सगळं आधीच लिहून मोकळे व्हायचो. एकदा एका पाहुण्यांची गाडी घाटात बंद पडली आणि ते व्याख्यानाला आलेच नाहीत. पण आमच्या अंकात त्यांनी ओघवत्या शैलीत मार्गदर्शन केलं होतं, आणि श्रोते मंत्रमुग्धही झाले होते. एकानंही येऊन विचारलं नाही. विचारायला अंक वाचावा लागतो.

“आता मुख्य वाक्य,” बिडवे साहेब खुर्चीत पुढं सरकले. “‘कुलगुरूंनी स्वतः गाडी चालवत श्री. महिपती ढोबळे यांना मागील आसनावर बसवून त्यांच्या घरापर्यंत सोडले.’”

माझं पेन थांबलं. “खरंच सोडणार आहेत?”

“अहो शिरगुप्पे बाई, माझीच कल्पना! परवा पेपरात फोटो आला होता, कुठल्याशा अधिकाऱ्यानं आपल्या ड्रायव्हरला असंच घरी सोडलं म्हणून. मी सरांच्या कानावर घातलं. सर एकदम खूश. म्हणाले, करू या.”

मला खरं वाटेना. कारण आमच्याकडं निवृत्त होणाऱ्या माणसाला कुलगुरूंच्या गाडीतून घरी सोडायची पद्धत पहिल्यापासूनच होती, आणि ती मोडली होती ती याच कुलगुरूंनी, डॉ. राजोपाध्ये यांनी. पहिल्या कुलगुरूंनी दंडकच घालून दिला होता. कुलसचिव असो की झाडूवाला, शेवटच्या दिवशी त्यानं हारतुरे घेऊन कुलगुरूंच्या गाडीत मागं डाव्या बाजूला, साहेबांच्या जागेवर बसायचं. कुलगुरूंचे ड्रायव्हर महिपतमामा, म्हणजे हेच ढोबळे, त्यांनी त्याला घरापर्यंत न्यायचं, उतरून दार उघडायचं. घरच्यांनी ओवाळायचं. माणूस आयुष्यभर सायकलवर आला असेल, पण जाताना राजासारखा जायचा.

राजोपाध्ये आले आणि त्यांनी परिपत्रक काढलं की ही सोय फक्त वर्ग एकच्या अधिकाऱ्यांसाठी. इतरांसाठी जीप उपलब्ध असल्यास. ती कधी उपलब्ध असायची नाही. आमच्या इमारतीच्या झाडूवाल्या गौराबाई निवृत्त झाल्या तेव्हा हातात नारळ आणि खांद्यावर शाल घेऊन त्या बसस्टॉपवर उभ्या होत्या. महिपतमामांनी ते पाहिलं आणि आपल्या स्कूटरवर बसवून त्यांना घरी नेलं. म्हणाले, “गाडी न्हाई तर न्हाई, दारापातुर सोडणारा माणूस तर पायजे.”

असे हे महिपतमामा. तीस वर्षं कुलगुरूंची गाडी चालवली, कुलगुरू बदलत गेले, मामा तेच. त्यांच्या तोंडून कुठल्याच साहेबाबद्दल कधी वावगा शब्द निघाला नाही. गाडीत ऐकलेलं गाडीतच ठेवायचे. आणि सरकारी गाडी एकदासुद्धा स्वतःच्या गल्लीत नेली नाही. बायको आजारी होती तेव्हाही रिक्षा केली. त्यावरून त्यांच्या मंडळीला, शेवंतामामीला, गल्लीतले लोक चिडवायचे. “तुझा दाल्ला खरंच कुलगुरूची गाडी चालवतो का वीटभट्टीवरचा ट्रक? आम्ही तर कधी बघितली न्हाई.” मामी म्हणायची, “बघशीला. रिटायर हुतील त्या दिवशी बघशीला.” तो दिवस ती किती वर्षं धरून बसली होती!

राजोपाध्ये साहेबांचं आणखी एक सांगायला हवं. हा माणूस स्वतःच्या हातानं गाडीचं दार उघडायचा नाही. पोर्चमध्ये गाडी थांबली की ढिम्म बसून राहायचा. मामा पळत वळसा घालून येणार, दार उघडणार, मग स्वारी उतरणार. एकदा दिल्लीहून एक वयस्कर विदुषी आल्या होत्या, गुडघ्यानं अधू. मामा आधी त्यांच्या बाजूला गेले, हात देऊन त्यांना उतरवलं, काठी दिली. तेवढ्यात मागून आवाज आला, “ढोबळे! दार काय मी उघडायचं?” सगळा स्वागतकक्ष ऐकत होता. त्या बाई कानकोंड्या झाल्या. मामा “चुकलं साहेब” म्हणत धावले. मी गुच्छ घेऊन तिथंच उभी होते. असं वाटलं, तो गुच्छ घालावा खड्ड्यात आणि या माणसाला चार शब्द सुनवावेत. पण नोकरी होती, गप्प बसले.

म्हणून मला ते वाक्य लिहिताना नवल वाटलं. पण म्हटलं, असेल बाबा, मामा जाता जाता तरी साहेबांना चांगली बुद्धी झाली असेल.

शुक्रवारी अंक वाटला गेला. दुपारी महिपतमामा आमच्या दारात. हातात ‘वार्ता’ची घडी.

“ताई, हे जे छापलंय ते…”

“सरांनी कबूल केलंय मामा. बिडवे साहेबांनी मला तसंच सांगितलं.”

मामा तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले. “मी आपला जीपसाठी अर्ज केला हुता. ते न्हाई म्हणाले. म्हटलं, जाईन स्कूटरवर. आणि हितं तर…” मग हसले. “मंडळी उड्या मारंल बघा. तिला वाचून दावतो.”

त्या रात्री मामीनं सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं असणार. कारण शनिवारी सकाळी मामांनी मला सांगितलं, “ताई, बँड सांगितलाय म्हणं. मांडव बी घातलाय. मी नगं नगं म्हणत हुतो. ऐकंल तर शपथ.”

शनिवारचा कार्यक्रम आम्ही बुधवारी लिहिल्याप्रमाणे बिनचूक पार पडला. शाल झाली, श्रीफळ झालं, राजोपाध्ये साहेबांचं भाषण झालं. “ढोबळे हे केवळ चालक नव्हते, ते या विद्यापीठाच्या रथाचे सारथी होते,” वगैरे. बाहेर पोर्चमध्ये पांढरी अँबॅसडर उभी होती. मामांनी ती पहाटेच येऊन धुतलेली. स्वतःच्या निरोपाची गाडी स्वतःच!

कक्षाचा कॅमेरा माझ्याकडं असायचा, कारण बिडवे साहेबांनी काढलेले फोटो हलायचे. मी पुढच्या सीटवर बसले. राजोपाध्ये साहेब स्टिअरिंगवर. मामा मागं डाव्या बाजूला, गळ्यात झेंडूचा हार, शाल सावरत, सीटच्या अगदी कडेला टेकलेले. नवी नवरी बसते तसे.

“मागं रेला की मामा,” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ द्या ताई. सवं न्हाई.”

टाळ्या झाल्या. गाडी सुटली. साहेबांनी दोन आचके दिले, मग बरी चालली. झाडांच्या रांगेतून आम्ही मुख्य प्रवेशद्वारापर्यंत आलो. तिथं बिडवे साहेब मोटरसायकलवर आधीच पोचले होते. गाडी कमानीखाली आली तसे ते हात उंचावून ओरडले, “सर, इथं! इथं थांबा, मागं कमान छान येते!”

गाडी थांबली. मी उतरले, फोटो काढले. साहेबांनी काचेतून हात बाहेर काढून हसून दाखवलं. मागं मामाही हसत होते.

“आला ना नीट?” साहेबांनी विचारलं.

“झकास, सर!” बिडव्यांनी माझ्या कॅमेऱ्यात न बघताच सांगितलं आणि धावत जाऊन साहेबांचं दार उघडलं.

साहेब उतरले. कोट नीट केला आणि मागच्या दाराशी येऊन काचेवर टकटक केली. “ढोबळे, या पुढं. मला विश्रामगृहावर सोडा. समितीचे लोक येऊन बसलेत.”

मामांना कळलंच नाही. “जी?”

“दुसरा ड्रायव्हर त्यांच्याबरोबर दिलाय. मला सोडा, मग गाडी गॅरेजला लावा आणि तुम्ही रिक्षानं जा घरी. बिल जोडा, मी मंजूर करतो.”

माझ्या डोक्यात सणक गेली. रिक्षाचं बिल! तीस वर्षं ज्यानं लोकांना घरी पोचवलं, त्यानं आज हार घालून रिक्षा करायची आणि वर बिल जोडायचं!

“सर,” मी म्हटलं, “त्यांच्या घरी लोक वाट बघतायत. मांडव घातलाय, बँड सांगितलाय. आधी त्यांना सोडू या. असं किती लांब आहे?”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिथं आहे हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. “शिरगुप्पे बाई, सत्कार झाला की नाही?”

“झाला.”

“फोटो झाला?”

“झाला, पण…”

“मग अडलंय कुठं?”

“बातमी दिलीय सर आपण! घरापर्यंत सोडले म्हणून.”

“बातमी तर छापून झालीय ना!” साहेब हसले. बिडवेही हसले. त्या हसण्यात इतका मोकळेपणा होता की मला दोघांच्याही मुस्काटात द्यावीशी वाटली. यांना खरंच काही वाटत नव्हतं. यांच्या लेखी ती गोष्ट घडूनच गेली होती. बुधवारी लिहिली, शुक्रवारी वाटली, शनिवारी फोटो निघाला. मागं कोण म्हातारा बसलाय आणि त्याच्या घरी कोण वाट बघतंय, ते अंकात कुठं होतं?

मामा उतरले. साहेब आत बसेपर्यंत दार धरून उभे राहिले, दार अलगद लावलं, वळसा घालून स्टिअरिंगवर आले. हार मध्ये येत होता. तो गळ्यातून काढला, कुठं ठेवावा कळेना, तेव्हा माझ्याकडं दिला. मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. बिडवे म्हणालेसुद्धा, “बाई, तुमचं काम झालं, तुम्ही या आता.” मी काच वर केली.

गाडी विद्यापीठाच्या माळावरून खाली निघाली. साहेब मागं फोनवर बोलत होते. “हो हो, निघालोच. अहो, एक छोटा निरोप समारंभ होता. हृद्य झाला, फारच हृद्य.”

मांडीवरच्या हाराच्या पाकळ्या मी मुठीत चुरगाळत होते. हळूच म्हटलं, “मामा, गाडी बाजूला घ्या आणि उतरा. नोकरी संपली तुमची. काय वाकडं करणार आहेत?”

“गाडी अशी मधीच सोडू व्हय?”

“त्यांना चालवता येते, बघितलं की आपण!”

मामांनी मान हलवली. रस्त्यावरची नजर काढली नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “काल रातभर झोपली न्हाई ती. नवी साडी दोनदा नेसून बघितली. गल्लीतल्या बायांना सांगत हुती, हे मागं बसून येणार, कुलगुरू सोता चालवणार.” त्यांनी गिअर बदलला. “आता रिक्षातनं उतरल्यावर तिला काय सांगू, ताई? कुनाला तोंड दावंल ती?”

माझेच डोळे भरून आले.

माळ उतरला की मोठा चौक लागतो. उजवीकडं विश्रामगृह, डावीकडं गाव. सिग्नल हिरवा झाला तरी मामा थांबले. मागच्या गाड्या कोकलायला लागल्या. मामांनी एकदा आरशात मागं पाहिलं, एकदा माझ्या मांडीवरच्या हाराकडं पाहिलं, आणि गाडी डावीकडं घातली.

मागं साहेब कुणाला तरी निधीबद्दल समजावत होते. मंडई गेली, तालीम गेली. फोन संपला तेव्हा त्यांनी बाहेर पाहिलं.

“ढोबळे, हा कुठला रस्ता?”

“वाट चुकलो वाटतं, साहेब.”

“वाट चुकलात? तुम्ही? वळवा मग!”

“हितं जागा न्हाई. पुढं गल्लीच्या तोंडाला वळवतो.”

तीस वर्षांत वाट न चुकलेला माणूस त्या दिवशी वाट चुकला. मी तोंडावर पदर धरला, नाहीतर तिथंच हसू फुटलं असतं.

माळी गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली मात्र, बँडवाल्यांनी दणका उडवून दिला. दोन्ही बाजूंनी माणसं. गच्चीवर बायका. आत, गल्लीच्या शेवटी, मांडव आणि रांगोळी. घराच्या दारापर्यंत वाट मोकळी ठेवलेली. आणि गल्लीच्या तोंडाशीच शेवंतामामी आरतीचं ताट घेऊन उभी. जांभळ्या साडीत, भलंमोठं कुंकू. तिला दम निघाला नव्हता, ती सामोरी आली होती.

गाडी थांबली. मामीची नजर आधी मागच्या काचेकडं गेली. मागं कुलगुरू. मग पुढं. स्टिअरिंगवर नवरा, रोजच्यासारखा.

तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना. बँडवाल्यांनाही काहीतरी चुकलंय असं वाटलं, वाजवणं थांबलं. कुणीतरी म्हातारा फिदीफिदी हसत म्हणाला, “आगं शेवंते, म्हैपती तर पुढंच बसलाय की! हे तर रोजचंच झालं!”

मामा उतरले. सवयीनं वळसा घालून मागच्या दाराशी गेले आणि दार उघडलं. साहेब उतरले. एवढी माणसं बघून त्यांनी हसरा चेहरा केला, हात जोडले. आरतीचं ताट बघून त्यांना वाटलं, ते आपल्यासाठीच. डोकं जरासं पुढं केलं त्यांनी! काय म्हणावं या माणसाला!

मामीनं ताट मागं घेतलं.

“तुमच्यासाठी न्हाई ही आरती,” ती म्हणाली.

“वहिनी, मी कुलगुरू…”

“म्हाईत हाय मला. तुमच्या कपड्यास्नी धूळ लागू नये म्हणून आमचे हे रोज गाडी पुसत्यात, ते म्हाईत हाय.” मग नवऱ्याकडं वळली. “आवो, छापून आलं हुतं न्हवं, मागं बसून येणार म्हणून? मग पुढं कशापायी बसलाय? आज बी?”

मामा मान खाली घालून उभे. या माणसाला अजूनही साहेबाबद्दल वावगं बोलवत नव्हतं! “कामं असत्यात साहेबास्नी,” ते पुटपुटले. “गेटपातुर सोडलं की.”

“गेटपातुर?”

आता मात्र माझा संयम सुटला. मी गाडीतून उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं. “मामी, कमानीखाली फोटो काढला. फोटो झाल्यावर यांना उठवलं आणि म्हणाले, मला पोचवा, मग रिक्षानं घरी जा. बिल जोडा म्हणाले.”

“शिरगुप्पे बाई!” साहेब गरजले.

“खोटं असेल तर सांगा सर.”

गल्लीत कुजबूज सुरू झाली. म्हाताऱ्याचं हसणं कुठल्या कुठं गेलं. तोच पुढं येऊन म्हणाला, “रिक्षानं? आमच्या म्हैपतीला?” गच्चीवरची एक बाई ओरडली, “लाज वाटती का काय ह्येस्नी!”

मामी साहेबांपुढं येऊन उभी राहिली. बाई जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत होती.

“साहेब, हितनं माझ्या दारापातुर तुमी गाडी चालवायची. हे मागं बसणार.”

“हे बघा, समिती माझी वाट पाहतेय. मला अजिबात वेळ नाही.”

“आमी बी वाट बघितली. ताट वाढून वाट बघितली. पोरीच्या लग्नात हळदीला हे न्हवते, तुमच्याआधीच्या साहेबास्नी मुंबईला न्यायचं हुतं. पोरगा झाला तवा न्हवते. मी कधी एक शब्द बोलले न्हाई. म्हटलं, शेवटच्या दिवशी मागं बसून येत्याल. त्येवढं एकच मागितलं हुतं मी, आणि ते बी मी मागितलं न्हाई, तुमीच छापलं!” तिचा आवाज फाटला. “छापलासा कशाला मग? आमी तुमच्या दारात मागाय आलतो?”

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. बरेच मोबाइल वर झाले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी आता सगळं नीट करून देणार होते.

मी म्हटलं, “बातमी छापून झालीय सर.”

ते लालबुंद झाले. काही क्षण वाटलं, तसेच चालत निघून जातील. पण गर्दीनं गल्लीचं तोंड कधीच भरून टाकलं होतं, आणि बाजूला होण्याची कुणाचीच इच्छा दिसत नव्हती. शेवटी ते पुढच्या दाराकडं गेले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

“जावा, बसा,” मामी नवऱ्याला म्हणाली.

“अगं, ऱ्हाऊ दे आता. झाला तेवढा तमाशा लई झाला.”

“बसा म्हणते न्हवं!”

मी हार त्यांच्या गळ्यात घातला. पाकळ्या निम्म्या गळून गेल्या होत्या. मामा मागं जाऊन बसले, डाव्या बाजूला. या वेळी कडेला नाही. बसता बसता काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी पाठ सीटला टेकवली.

मामी धावतच घराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बँड पुन्हा सुरू झाला. गाडी एकदा आचका देऊन बंद पडली, लोक हसले, पुन्हा चालू झाली. अंतर ते केवढं, चालत जायचं म्हटलं तर विडा तोंडात घालेपर्यंत संपेल एवढं. पण गाडी माणसांमधून सरकत होती, दोन्ही बाजूंनी फुलं पडत होती, आणि मी गाडीबरोबर चालत होते. उघड्या काचेतून मामांचा आवाज ऐकू आला.

“सावकाश घ्या, साहेब. घाई न्हाई.”

रांगोळीच्या कडेला गाडी थांबली. साहेबांनी इंजिन बंद केलं आणि सुटलो एकदाचे असा चेहरा करून समोर बघत बसले. बँड थांबला. मामी ताट घेऊन मागच्या दाराशी आली. सगळे वाट बघायला लागले.

मामा उतरेनात.

मला वाटलं, त्यांना भरून आलंय. मी वाकून पाहिलं. डोळे कोरडे होते. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते ताठ बसले होते आणि समोर, साहेबांच्या मानेकडं बघत होते.

“मामा, उतरा की,” मी म्हटलं.

ते हलले नाहीत.

“ढोबळे, उतरा आता,” साहेब मान न वळवताच म्हणाले. “आलं तुमचं घर.”

“आलं की,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, शांत, जराही चढलेला नाही. पण सगळ्या गल्लीला ऐकू गेला. “दार काय मी उघडायचं, साहेब?”

कुणी हसलं नाही. गल्लीत त्या वाक्याचा मागचा इतिहास कुणालाच ठाऊक नव्हता. तो आम्हा तिघांनाच ठाऊक होता. साहेबांची मान तशीच राहिली, कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल होत गेल्या. मग पुढचं दार उघडलं. डॉ. राजोपाध्ये उतरले, गाडीच्या पुढून वळसा घालून, रांगोळीवर पाय पडू नये म्हणून अंग चोरत, मागच्या दाराशी आले आणि त्यांनी ते उघडून धरलं.

महिपतमामा उतरले. शाल सारखी केली, हार सारखा केला. दार धरून उभ्या असलेल्या माणसाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मामीनं ओवाळलं. मग तिनं ताट खाली केलं आणि रडत रडत म्हणाली, “या. आलासा व्हय घरी?”